शेगडीजवळचे डबे

तोकिए-सान यांनी पहिल्या डब्याचं झाकण उघडलं आणि खोलीत वास पसरला. ओले मोजे दिवसभर बुटात राहिले की येतो तसा, आणि त्याच्या मागून नाकात टोचणारं आणखी काहीतरी.

"ज्याचे पाय असतील त्याने आधी कबूल करावं," त्सुकुदा म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो, पण सगळ्यांच्या नंतर.

आमचं मंडळ गावच्या वाचनालयात भरतं, महिन्यातल्या एका शनिवारी, दुपारी. वरच्या मजल्यावरच्या खोलीत पडदा लावून जुने जपानी चित्रपट बघायचे, शक्यतो युद्धाआधीचे, आणि मग गोल करून त्यावर बोलायचं. येणारे बहुतेक माझ्यासारखे, सत्तरी ओलांडलेले. सोबत कुणी संत्री आणतं, कुणी धुरावर वाळवलेल्या मुळ्याचं लोणचं. मंडळाचे प्रमुख इसोगाई सर. ते आमच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते आणि निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी गावात त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारत नाहीत. बोलण्याचा क्रम ठरलेला. प्रत्येकाने एकदा बोलायचं, मधे कुणी तोंड घालायचं नाही, शेवटी सर समारोप करणार. मी सगळ्यांत उशिरा मंडळात आलो म्हणून माझी पाळी सर्वांच्या नंतर. तोवर सांगण्यासारखं सगळं सांगून झालेलं असतं, आणि नसलं तरी मी तसं धरून चालतो. "माझं विशेष काही नाही," एवढं म्हणून मी मान लववतो.

ते डबे 'मिनातो-झा'च्या मातीच्या कोठारात सापडले होते. हे आमच्या बंदरावरचं जुनं चित्रपटगृह, तोकिए-सानच्या सासऱ्यांचं. ते बंद पडून जमाना झाला. डब्यांत एक मूकपट होता. तो काढायला तोक्योहून मंडळी आली होती तेव्हा गर्दीच्या दृश्यांसाठी त्यांनी गावातलेच लोक घेतले होते. त्यांत तोकिए-सानचे वडील होते. होड्या बांधणारे सुतार, तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. पुढे मुलगी पाळण्यात असताना ते लढाईवर गेले आणि परत आले नाहीत. आईने पेटीत बंद ठेवलेले, कधी न दाखवलेले फोटो गावाला मोठी आग लागली तेव्हा गेले. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षापर्यंत तोकिए-साननी आपल्या बापाचा चेहरा पाहिलेला नव्हता.

"मला वडील बघायचेत," त्या म्हणाल्या. "चालताना दिसले तर उत्तमच. निदान पाय वाकडे होते का ते कळेल. माझे कुणावर गेलेत ते आई कधी सांगायची नाही."

यावर कोण काय बोलणार? सरांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पुढच्या शनिवारी खेळ करायचा, गावाला बोलवायचं. जुन्या काळी मूकपटाच्या पडद्याशेजारी निवेदक उभा राहायचा, तसे ते स्वतः उभे राहून गोष्ट सांगणार. त्सुकुदा आयुष्यभर विजेची कामं करत आलेला. मिनातो-झाचं फिरत्या खेळाचं यंत्र त्याने दुरुस्त करायचं. वाचनालयाच्या हानावा बाईंनी फलक लावायचे.

"कुणाची काही हरकत?" सरांनी विचारलं.

कुणाची नव्हती. मी माझ्या हातांकडे बघत होतो.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम केलं. या कामात माणूस जगातल्या प्रत्येक विषयावर काहीतरी वाचतो आणि कशातलंच त्याला कळत नाही. एकदा अग्निशमन दलाचं स्मरणपुस्तक माझ्या हातून गेलं होतं. त्यात जुन्या चित्रपटगृहांच्या आगींवर एक प्रकरण होतं. त्या काळच्या फिती ज्या पदार्थाच्या करत तो बंदुकीच्या दारूचा जवळचा नातलग. जुन्या झाल्या की त्या चिकट होतात, कुजतात, त्यांना वास सुटतो. मग ज्वाळा लागावी लागत नाही, नुसती ऊब पुरते. पेटल्या की पाण्याने विझत नाहीत. धूर विषारी.

हे मी खरंच वाचलं होतं की दुसऱ्याच कशाशी गल्लत करत होतो? वाचनालयात जाऊन पुस्तकं काढून पाहिली. तसंच होतं. तरी मनाची खात्री होईना. लिहिणाऱ्याने वाढवून लिहिलं असेल. सगळ्याच फिती तशा नसतील. आणि मी आगीच्या बाबतीत भित्रा आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. गावाला आग लागली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आईच्या पाठीवर नव्हे, तिच्या पुढे पळत होतो. अजूनही बाहेर पडताना गॅसची तोटी पुन्हा पुन्हा बघतो. माझी बायको होती तेव्हा म्हणायची, "तुम्ही घरात असलात की आगीलाच भीती वाटत असेल." तेव्हा आत बोलतंय ते वाचलेलं आहे की जुनी भीती, हे कसं ओळखावं? रात्री अंथरुणावर पडलं की तो वास यायचा.

आमच्याकडे बैठकीत हरकत घेत नाहीत. बोलायचंच असलं तर आधी त्या माणसाच्या घरी जायचं, काहीतरी भेट न्यायची, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि मुद्दा असा सरकवायचा की तो त्यालाच सुचला असं वाटावं. मी वाळवलेली पर्सिमनची फळं घेऊन सरांकडे गेलो. आतून त्यांच्या निवेदनाचा सराव ऐकू येत होता; चढा, थरथरता, तरुण आवाज. मी दाराशी घुटमळलो. तो आवाज थांबला तेव्हा मला वाईट वाटलं.

"शिओमी-सान? तुम्ही आणि माझ्या घरी? बर्फ आज खालून वर पडतोय की काय."

"इथूनच चाललो होतो," मी खोटं बोललो.

चहा आला. बर्फावर बोलून झालं. मग मी म्हणालो, "त्या फिती फारच जुन्या आहेत, नाही का."

"तीच तर मजा. आणि काळजी करू नका. शाळेत मी वर्षानुवर्षं पोरांना फिल्म दाखवल्यात. दिव्यासमोर अडकली तर मधोमध फोड येतो, थोडा वास सुटतो, पोरं टाळ्या पिटतात. संपलं."

शाळेतल्या बारीक फिती वेगळ्या पदार्थाच्या असतात, हे मी वाचलं होतं. मुख्याध्यापकांना हे कसं सांगायचं?

"जुन्या वस्तूंना उष्णता सोसत नाही, असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं," मी म्हणालो. "दिव्याची वगैरे. माझी समजूत चुकीचीही असेल."

सरांनी कप खाली ठेवला.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "इतकी वर्षं थंड कोठारात, आणि एकदम गरम दिव्यापुढे. धक्काच बसायचा."

"म्हणजे, तसंच काहीसं, पण..."

"मी बघतो त्याचं. तुम्ही बोलत नाही, पण बोललात की नेमकं बोलता."

मी खाली वाकून निरोप घेतला. घरी येताना मी चक्क स्वतःवर खूश होतो. सर बघतो म्हणाले म्हणजे खेळ रद्द होईल, किंवा निदान कुणा जाणकाराला विचारतील. त्यापलीकडे मी विचारलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं.

खेळाच्या दिवशी वर गेलो तेव्हा खोली भरत आली होती. खिडक्यांवर काळे पडदे, फटींत कापड कोंबलेलं. दार एकच, तेही यंत्राच्या मागे, आणि दाराबाहेर म्हातारे धरून चालतात त्या चाकाच्या ढकलगाड्या, उचलून वर आणलेल्या, ओळीने लावलेल्या. मधोमध रॉकेलची शेगडी रसरसत होती. तिच्याभोवती वर्तमानपत्रं पसरून, चूल घेरून बसलेल्या पोरांसारखे, सगळे डबे मांडले होते.

"शिओमी-सान," सर मोठ्याने म्हणाले, "तुमच्या सांगण्याप्रमाणे. सकाळपासून हळूहळू शेकतोय. आता दिव्याचा धक्का बसणार नाही."

दोघातिघांनी माझ्याकडे आदराने पाहिलं.

मी पहिल्याच खुर्चीवर बसलो. वास वाढला होता. शेगडीच्या सर्वांत जवळच्या डब्याचं झाकण एका बाजूने जरा उचललेलं दिसत होतं. आतून काही फुगत होतं, की ते झाकण मुळातच वाकडं होतं? मी त्यावरून नजर काढू शकेना. मनात म्हणत होतो, अजून काही झालेलं नाही. सकाळपासून झालेलं नाही म्हणजे होणार नाही. आणि लगेच उलट वाटायचं, सकाळपासून तापतायत म्हणजे आता वेळ उरलेला नाही.

हानावा बाई खुर्च्यांमधून पत्रकं वाटत चालल्या होत्या. मी त्यांना हाताने थांबवलं.

"हानावा-सान, ती शेगडी जरा..."

"थंडी वाजतेय ना? दाराजवळ बसलात, वाजणारच." त्यांनी जाऊन वात वाढवली. जाताना माझ्या गुडघ्यांवर आपली शालही टाकून गेल्या.

खेळाआधी मंडळातल्या प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे होते. एकेकजण उठून बोलत होता. कुणी मिनातो-झात लहानपणी भिंतीवरून चढून फुकट पाहिलेल्या खेळाची आठवण सांगितली, कुणी सरांच्या आवाजाचं कौतुक केलं. लोक हसत होते. मला शब्द नुसते ऐकू येत होते. मी मनात वाक्य जुळवत होतो. माफ करा, पण कदाचित. मला वाटतं, अर्थात माझी चूक असेल, पण. प्रत्येक वाक्य सुरू होण्याआधीच मरत होतं.

"आता शिओमी-सान," सर म्हणाले.

"त्यांचं विशेष काही नाही, मीच सांगून टाकतो," त्सुकुदा यंत्रामागून म्हणाला. "त्यांचा घसा वाचेल."

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. आणि माझ्याच कानांनी ऐकलं, "माझं विशेष काही नाही."

मी मान लववून खाली बसलो. टाळ्या वाजल्या. सरांनी त्सुकुदाला खूण केली, पहिला डबा घे.

मग मी उठलो. धाडस आलं म्हणून नव्हे. बसून राहणं शरीराला जमेना, एवढंच. मी शेगडीशी गेलो, शाल हातांभोवती गुंडाळली आणि झाकण उचललेला तो डबा छातीशी धरला. गरम होता. झोपलेलं मूल उचलल्यासारखा जड होता.

"शिओमी-सान, तो जेवणाचा डबा नाही हो," त्सुकुदा म्हणाला. लोक पुन्हा हसले, पण या वेळी कमी.

मी खुर्च्यांमधून, गुडघ्यांवरून, ढकलगाड्या चुकवत बाहेर पडलो. जिन्यात आतल्या सपाता सटकत होत्या. पडलो तर छातीखाली हा डबा येणार, एवढंच डोक्यात होतं. मागच्या दाराने अंगणात गेलो, सपातांनीच, आणि डबा बर्फात रोवला. तो हातातून सुटला तरी माझे हात तसेच पुढे राहिले.

आणि तेव्हा कळलं की बाकीचे वरच आहेत.

परत जिना चढणं त्या दिवसातलं सगळ्यांत अवघड काम होतं. घरी निघून जाता आलं असतं. मी वेडा झालो असं लोकांनी म्हटलं असतं आणि ते सोसलं असतं. दाराशी पोचलो तेव्हा सगळी तोंडं माझ्याकडे वळलेली होती. माझ्या सपातांना बर्फ लागला होता आणि तो चटईवर वितळत होता.

"तब्येत बरी आहे ना?" सरांनी विचारलं. आवाज अतिशय सौजन्याचा होता. शाळेत तो ऐकून मुलं रडायची म्हणत.

"ही फिल्म पेटते," मी म्हणालो.

"दिव्यासमोर आपण काळजी..."

"दिव्यासमोर नाही. इथेच, शेगडीपाशी. पेटली की विझत नाही, पाण्यानेही नाही. दार एक आहे. आपण सगळे इथे मरू."

मी सरांचं बोलणं मधेच तोडलं होतं. खोलीत कुणी हललं नाही. त्यांचा विश्वास बसला नाही असं मला वाटत नाही. उठायची पाळी कुणाची, हे कुणाला कळत नव्हतं. सगळे सरांकडे बघत होते आणि सर काळ्या पडद्याकडे. शेगडी सूं सूं करत होती. मला वाटलं, आता जे व्हायचं ते या शांततेतच होईल, आणि त्या क्षणी प्रत्येकजण अदबीने बसलेला असेल.

पुढच्या रांगेत तोकिए-सान काठी टेकत उठल्या.

"डबे माझे आहेत," त्या म्हणाल्या. "मी नेते." आणि खरोखरच वाकून एक उचलायला लागल्या.

"अहो बसा, कंबर मोडून घ्याल," त्सुकुदा यंत्र सोडून धावला आणि त्याने दोन उचलले. मग आणखी हात आले. सरांनी स्वतः शेगडी विझवली. हानावा बाईंनी पडदे सर्रकन ओढले आणि खोलीत पांढरा उजेड शिरला; त्यात सगळेच आजारी दिसत होते. म्हाताऱ्यांना एकेक करून जिन्याने उतरवलं. कुणी घाई केली नाही, कुणी ढकललं नाही, "आधी तुम्ही", "नाही, तुम्ही" हेही चाललंच होतं. मी जिन्याच्या वळणावर उभा होतो. डबे बाहेर गेले होते तरी वरून काही ऐकू येईल म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता.

अंगणात ते बर्फावर एका ओळीत ठेवले होते. लोक लांब, सायकलींच्या छपराखाली उभे होते. काहीच घडत नव्हतं. जितका वेळ घडत नव्हतं तितका मी लहान होत चाललो. आता सगळ्यांना घरी पाठवायचं, सरांचा खेळ मोडला, म्हातारीचे वडील राहिले, आणि कशासाठी? एका भित्र्याने पुस्तक वाचलं म्हणून.

"बघूनच टाकू," त्सुकुदा म्हणाला. "तोकिए-सान, सुरुवातीचा कोरा तुकडा घेऊ का थोडासा? वडिलांना हात लावत नाही."

त्यांनी मान हलवली. त्याने वीतभर तुकडा कापला, अंगणाच्या टोकाला नेऊन चिमट्यात धरला आणि लायटर जवळ नेला. "बघा हं, आता शिओमी-सानची..."

वाक्य पुरं झालं नाही. ज्वाळा त्याच्या मनगटापर्यंत उसळली. त्याने चिमटा बर्फात खुपसला, वरून बुटाने बर्फ लोटला, आणि आतून तो पिवळा उजेड काही वेळ तसाच दिसत राहिला. मग बर्फाला भोक पडलं आणि त्यातून तपकिरी धूर आला. त्सुकुदा आपल्या हाताकडे बघत राहिला. त्यानंतर त्या दिवशी तो एकदाही विनोद करताना मला दिसला नाही.

हानावा बाई अग्निशमन दलाला फोन करायला आत धावल्या. सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. निवेदनासाठी घातलेला काळा किमोनो होता, खांद्यावर बर्फ.

"त्या दिवशी तुम्ही हेच सांगायला आला होता?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं, सर."

"हो," ते म्हणाले. "सांगितलं होतंत."

वाचलो हे कळल्यावरच खरी भीती अंगात शिरली. मी मागच्या पायरीवर बसलो. तोकिए-सान एका डब्याशेजारी उकिडव्या बसल्या होत्या आणि कुणी नको म्हणायच्या आत त्यांनी झाकण काढलं होतं. तो डबा बरा होता, फीत चिकटली नव्हती. त्यांनी तिचं टोक धरून आभाळाकडे उंच केलं.

"मला काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही बारीक टाइप वाचायचात ना? इकडे या."

त्या फितीजवळ जायची माझी छाती होत नव्हती. गेलो. श्वास रोखून चष्मा कपाळावर सारला आणि डोळा अगदी जवळ नेला. बंदराचा धक्का होता. कंदील घेतलेली माणसं रांगेने चालली होती. चेहरे तिळाएवढे.

"यातले कोण असतील?"

"ते मला कसं कळणार?"

"आई म्हणायची, हसरे होते. कुणी हसतंय का?"

एक शब्द बोललो असतो तर त्या सुखाने घरी गेल्या असत्या. मला पुन्हा तशीच भीती वाटली, वरच्या खोलीतल्यासारखी. त्या वाट बघत होत्या.

"पुढून तिसऱ्याचं तोंड उघडं आहे," मी म्हणालो. "हसतोय की ओरडतोय, ते कळत नाही. तोक्योच्या फिल्म-संग्रहाला पाठवली तर ते दुसऱ्या फितीवर उतरवतात. मग मोठं दिसेल."

"किती दिवस लागतील?"

"माहीत नाही. वर्ष, दोन वर्षं. त्याच्या आत ती कुजलेलीही असेल."

त्यांनी फीत हळूच गुंडाळली आणि झाकण लावलं.

"ओरडत असतील," त्या म्हणाल्या. "आमच्यात सगळ्यांना ओरडूनच बोलायची सवय. पाय कसे होते?"

मी सांगितलं की चित्राची चौकट गुडघ्यांच्या वरच संपते. त्यांनी मान हलवली आणि माझा हात धरून उठल्या.